दाद द्यायची जागा

सभागृह कितीही रिकामं असलं तरी ते शेवटच्या रांगेच्या मागे उभे राहायचे. पाठ भिंतीला, हात मागे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या नक्षीचा सुती जपानी पंचा. कुणी खुर्ची पुढे केली तर आभार मानून तिच्यावर कोट ठेवायचे. डब्लिनमधल्या आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांना उशिरा येणारी मंडळी त्यांना सभागृहाचे रखवालदार समजत आणि गाडी कुठे लावायची ते विचारत. ते नीट सांगतही असत.

मग रंगमंचावर कुणीतरी गाता गाता किंवा बोलता बोलता क्षणभर थांबलं, की मागून आवाज यायचा. "ल्युकनकर!" एकच शब्द, खणखणीत. पुढच्या रांगेतले लोक दचकून मागे बघत. रंगमंचावरचा माणूस मात्र दचकत नसे. त्याचे खांदे किंचित सरळ होत आणि पुढची ओळ आधीच्या ओळीपेक्षा बरी निघे.

मराठी माणूस नावं ठेवण्यात पटाईत, असं आपणच आपल्याबद्दल म्हणतो. चांगल्यासाठी नावं ठेवणारा माणूस मी हा एकच पाहिला.

या सवयीचं मूळ जपानात होतं. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्यांना ऐन तरुणपणी टोकियोला धाडलं, टेस्टर म्हणून. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या इतक्या सभ्यपणे सांगायच्या की चुकणाऱ्याने आभार मानावेत. संध्याकाळी खोलीवर जाऊन करायचं काय, म्हणून ते काबुकी बघायला लागले. काबुकी म्हणजे तिथलं जुनं नाटक. रंगवलेले चेहरे, भरजरी पोशाख, बायकांची कामं करणारे पुरुष, आणि मरता मरताही लांबलचक बोलणारा नायक. संगीत नाटकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात परकं वाटण्यासारखं काही नव्हतं.

त्या नाट्यगृहात सगळ्यात वरच्या सज्जात, सगळ्यात स्वस्त जागी, काही म्हातारे उभे असतात. नट ऐन प्रसंगी मान झटकून, डोळे वटारून पुतळ्यासारखा थिजतो. नेमक्या त्या क्षणी हे म्हातारे वरून त्याच्या घराण्याचं नाव पुकारतात. जरा लवकर पुकारलं तर नटाचा क्षण फुटतो, जरा उशिरा पुकारलं तर पुकारणाऱ्याची फजिती होते. या लोकांना ओमुको म्हणतात. त्याचा अर्थ, त्यांनी मला सांगितला तसा, थेट पल्याडचे लोक.

"आपल्याकडे पिटातला प्रेक्षक खाली बसायचा," ते म्हणायचे, "जपान्यांनी पिट माडीवर नेलं. फरक तेवढाच."

त्यावरून त्यांचं नाव पल्याडकर पडलं. मंडळातली पोरं 'पल्याडकर काका' म्हणत आणि हेच त्यांचं आडनाव आहे अशी त्यांची खात्री होती. खरं नाव मीही इथे लिहीत नाही. या नावावर त्यांनी कधी हरकत घेतली नाही, उलट ते ऐकलं की पंचा सारखा करायचे.

काबुकीतल्या घराण्यांच्या नावांच्या शेवटी 'या' येतं. या म्हणजे घर, दुकान, पेढी. आयर्लंडला बदली झाल्यावर पल्याडकरांना साक्षात्कार झाला की आपल्याकडे 'कर' आहे. प्रश्न एवढाच होता की गाव कुठलं धरायचं. साताऱ्याहून पुण्याला, पुण्याहून बंगलोरला आणि तिथून डब्लिनला आलेल्या माणसाचं गाव कुठलं? पल्याडकरांनी तो त्यांच्या पद्धतीने सोडवला. जिथे राहून माणूस काहीतरी चांगलं करतो, ते त्याचं गाव. म्हणून ओंगार, ल्युकन या डब्लिनच्या उपनगरांवरून आमच्यात ओंगारकर झाले, ल्युकनकर झाले. भूल देणाऱ्या एक डॉक्टरीणबाई गणपतीला पार पश्चिमेकडच्या कासलबारहून इतकी लांब गाडी हाकत येऊन तबला वाजवायच्या, त्या कासलबारकर झाल्या. बाईंनी नंतर ते नाव आपल्या तबल्याच्या पिशवीवर शिवून घेतलं.

त्यांचे नियम कडक होते. खोटी दाद द्यायची नाही. टोमणा तर मुळीच नाही. आवडलं नाही तर तोंड मिटून उभं राहायचं. आणि टाळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "टाळ्या म्हणजे 'झालं बुवा, आता चहा'. दाद ही काम चालू असताना द्यायची असते, काम करणाऱ्याच्या उपयोगी पडेल अशी." दोन शब्दांच्या मधली जी रिकामी जागा, तिला जपानीत 'मा' म्हणतात हे त्यांनीच मला सांगितलं. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या नवऱ्याने, आपल्याकडे विचारतात तसं, लग्न का नाही केलंत म्हणून विचारलं. पल्याडकर आमटी वाढून घेत म्हणाले, "जागा चुकली." एवढ्यावर तो विषय संपला.

मंडळाच्या अध्यक्षांना बराच काळ गाव मिळालं नाही. अध्यक्ष मोठे कर्तबगार होते आणि स्वतःच्या कर्तबगारीवर बोलण्याची त्यांना दांडगी हौस होती. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय आणि मग अध्यक्षीय मनोगत, असा आमचा कार्यक्रम असायचा. एकदा भागातले एक आयरिश नगरसेवक पाहुणे होते. त्यांच्या खांद्यावर शाल होती आणि हातात दिलेला नारळ त्यांनी रग्बीच्या चेंडूसारखा काखेत धरला होता. पास कुणाकडे द्यायचा हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. अध्यक्ष सातासमुद्रापलीकडे जपलेल्या संस्कृतीवर बोलत होते. मागे पल्याडकर भिंतीसारखे गप्प. आणि माइक बंद पडला. अध्यक्ष तोंड उघडं ठेवून, काय करावं न सुचून, नुसते उभे राहिले. पहिल्यांदाच ते आमच्यातले एक वाटले. तेवढ्यात मागून आलं, "ओंगारकर!"

अध्यक्ष पुढे कित्येक आठवडे सांगत होते की शेवटी पल्याडकरांनासुद्धा मानावं लागलं. मी पल्याडकरांना विचारलं, अहो, त्या भाषणात काय आवडलं तुम्हाला? ते म्हणाले, "तेवढीच जागा चांगली होती." यात त्यांनी टोमणा मारला नव्हता, हे समजायला मला वेळ लागला. त्यांना ती जागा खरोखर आवडली होती.

पल्याडकर आणि मी, दोघंही ओंगारला राहायचो आणि सँडीफोर्डला एकाच कंपनीत कामाला होतो. आधी आगगाडी, मग ब्रूमब्रिजपासून लुआसची, म्हणजे डब्लिनच्या ट्रामची, हिरवी लाइन, जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. या प्रवासात माणसाची चांगली ओळख होते, कारण पळून जायला वाव नसतो. मी त्यांच्याकडे सुरुवातीला जरा संशयानेच पाहत होते. परदेशात जाऊन आलेल्या आणि तिथली एखादी कला अंगाला चिकटलेल्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून धास्ती आहे. ती माणसं चहा साधा पीत नाहीत. पल्याडकर मात्र टपरीच्या चहासाठी तडफडायचे, आणि जपानची थोरवी त्यांनी कधी गायली नाही. टोकियोत इतकी वर्षं सज्जात उभं राहून त्यांनी म्हणे एकदाच तोंड उघडलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने शाबासकी दिली नाही, पण वळूनही पाहिलं नाही, म्हणजे जागा चुकली नव्हती. ते सांगताना पल्याडकरांचा चेहरा असा व्हायचा की समोरच्याला वाटावं, राजाने पालखीच धाडली असावी.

ऑफिसात व्हिडिओ कॉलवर ते हळू आवाजात हाच उद्योग करायचे. एखाद्या नवशिक्या मुलीने किचकट गोष्ट सोपी करून सांगितली आणि श्वास घ्यायला ती थांबली की, "सँडीफोर्डकर." आयरिश मॅनेजरने विचारलं, हे काय आहे? त्यांनी समजावलं. मॅनेजर म्हणाला, ग्रँड, पण कॅमेरा चालू ठेवून म्हणत जा, परवा मला वाटलं माझ्याच घरात कुणी शिरलंय.

त्यांचं जुनं आणि नवं असं वेगळं नव्हतं. डब्लिनमध्ये जपानी कार्टून आणि पॉपगाण्यांच्या चाहत्यांचा मेळावा भरायचा, तिथे निळे-गुलाबी केस केलेल्या आयरिश पोरापोरींच्या घोळक्यात हे पन्नाशी उलटलेले गृहस्थ दोन्ही हातांत रंगीत दिव्याच्या कांड्या घेऊन उभे असत. जपानात त्या गाण्यांना चाहते ठरलेल्या जागी ठरलेल्या आरोळ्या देतात. इथली पोरं गाण्यावरच ओरडायची. पल्याडकरांनी त्यांना ओळींच्या मध्ये ओरडायला शिकवलं. एकदा मी सोबत गेले होते. एका मुलीला मी विचारलं, हे कोण गं? ती म्हणाली, कोण, युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत 'तो गृहस्थ'? तो नसला तर आम्हाला मोकळी जागाच ऐकू येत नाही.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्यांचा घोटाळा झाला. जपानीत आठाला हाची म्हणतात, आणि टाळ्यांचा आवाज त्यांच्या कानाला पाचीपाची ऐकू येतो. म्हणून तिकडची पोरं व्हिडिओ बघताना टाळ्या म्हणून नुसते आठ लिहीत सुटतात. कुणाच्या तरी मुलीने ड्रायव्हिंगची परीक्षा पास केल्याचा फोटो टाकला, त्याखाली पल्याडकरांनी लिहिलं: ८८८८८८८८. कुणाला वाटलं गाडीचा नंबर. नागपूरहून लेकीकडे आलेल्या एका आजींनी तो फोन लावूनही पाहिला आणि लागत नाही म्हणून तक्रार केली. पल्याडकरांनी आजींची घरी जाऊन माफी मागितली आणि संत्र्याची बर्फी खाऊन आले.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगत बसले असते. पण त्यांच्याकडे मी गंमत म्हणून बघू शकत नाही, त्याचं कारण अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीला बँकेत नोकरी आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकं, की उलट, हे आईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पानंच्या पानं स्वगतं त्यांना पाठ असायची. आई गेल्यावर ते एकटेच राहत होते. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द सापडायचे नाहीत. थोडे बरे झाल्यावर मी त्यांना ओंगारला घेऊन आले.

सुरुवातीला त्यांच्याकडे 'हो', 'नको' आणि 'ते' एवढे शब्द होते. 'ते' म्हणजे चहा, चश्मा, टीव्ही, आई, सांगली, काहीही. पुण्याच्या एक वाचा-उपचार करणाऱ्या बाई स्क्रीनवरून त्यांचे व्यायाम घ्यायच्या. त्यांनी आम्हाला बजावलं होतं: वेळ द्या, शब्द पुरवू नका. आम्ही माना डोलावल्या. पण अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं समोर पडलेलं असलं की मराठी माणसाचा हात पेनाकडे जातोच. अण्णा 'ते' म्हणाले की आम्ही सुरू. चहा? चश्मा? चार्जर? माझा नवरा इथे राहून कपाटाला प्रेस म्हणायला लागला आहे. तो मदतीच्या भरात विचारायचा, "प्रेसमधलं हवंय का, अण्णा?" अण्णांच्या लेखी प्रेस म्हणजे एक तर वर्तमानपत्र, नाही तर इस्त्री. ते हताशपणे आमच्याकडे बघत राहायचे. हळूहळू त्यांनी 'ते' म्हणणंही सोडलं. मग मानेनेच.

पुण्याच्या बाई एक दिवस मला बाजूला घेऊन, म्हणजे अण्णांना उठून जायला सांगून, स्पष्ट म्हणाल्या, हे महिने महत्त्वाचे आहेत. आत्ता बोलले नाहीत तर जे परत येणार आहे तेही यायचं नाही. मी ते अण्णांना सांगितलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला कळत होतं ते काय आहे. तुटक, चाचरत, चुकत बोलायचं, तेही लोकांसमोर, हे त्या माणसाला जमण्यातलं नव्हतं. त्यापेक्षा पडदा पाडलेला बरा, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि सांगलीचं घर त्यांची वाट बघत होतं. ज्याला फोनवर 'मला बरं वाटत नाही' एवढंही सांगता येत नाही त्या माणसाला तिथे एकटं कसं ठेवायचं?

लुआसमध्ये मी हे पल्याडकरांना सांगितलं. त्यांनी सल्ला दिला नाही, ही गोष्ट मी तेव्हाच नोंदवून ठेवली, कारण मंडळातल्या प्रत्येकाने दिला होता. ते फक्त म्हणाले, रविवारी येऊ का?

आले ते लॅपटॉप घेऊन. काबुकीचं एक जुनं चित्रण त्यांनी टीव्हीवर लावलं. नवरा म्हणाला, सबटायटल्स लावा ना, अण्णांना कळेल तरी. पल्याडकर म्हणाले, "नको. आज कुणालाच काही कळायला नको."

मी ते वाक्य विसरणार नाही. झटका आल्यापासून पहिल्यांदाच आमच्या घरात सगळे सारखे होते. पडद्यावर कुणीतरी कुणावर तरी रागावलं होतं, कशावरून ते आम्हा चौघांपैकी तिघांना कळत नव्हतं, आणि चौथा सांगत नव्हता. अण्णा आधी सोफ्यात मागे रेलून बसले होते. नट थिजला, वरून पुकार आली, तसे ते पुढे सरकले. दुसऱ्यांदा नट थिजला तेव्हा त्यांचं बोट सोफ्याच्या हातावर पडलं. पुकारीच्या बरोबर. पल्याडकरांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग दर रविवारचा तो पाठ झाला. मी चहा ठेवायची, नवरा दुकानातून चकल्या आणायचा, आणि हे दोघं पडद्यापुढे. पल्याडकर आमच्या दिवाणखान्यातही भिंतीला पाठ लावूनच उभे राहायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. नटाने चांगली जागा घेतली की पल्याडकर पुकारायचे आणि अण्णांचं बोट पडायचं. एका रविवारी नट मान झटकून थिजला आणि पल्याडकरांच्या आधी, म्हणजे त्यांच्या श्वासाच्याही आधी, सोफ्यावरून आवाज आला. "ते!"

मी चहाची गाळणी हातात घेऊन उभी राहिले. पल्याडकरांनी चित्रण थांबवलं, गळ्यातला पंचा काढला आणि कमरेत वाकून अण्णांना नमस्कार केला. "अण्णा, ही जागा मला आयुष्यात कधी मिळाली नाही," ते म्हणाले. अण्णांनी चहाकडे बोट दाखवून उगीचच घाई केली. लाजले होते.

त्यानंतर दोघांत चढाओढ लागली. पल्याडकर "अमुक-या" म्हणत, अण्णा "ते" म्हणत, आणि कुणाचं बरोबर जागेवर पडलं यावर मुकाट्याने डोळ्यांनी भांडत. पुण्याच्या बाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'ते' हा शब्द म्हणून काही फार नाही, पण त्यांनी आपणहून आवाज काढला ना, मग चालू ठेवा. मी मात्र अधीर झाले होते. अण्णांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. लुआसमध्ये मी पल्याडकरांना म्हटलं, अहो, 'ते'च्या पुढे गाडी जाणार आहे का? पल्याडकर खिडकीबाहेर बघत म्हणाले की नाटकात कुणी थांबलं तर ओमुको कधी पुढचं वाक्य सांगत नाही. ते काम प्रॉम्प्टरचं. "घरात प्रॉम्प्टर पुष्कळ आहेत," ते म्हणाले, "आपण वर उभे राहू."

आता पल्याडकर पुण्याला आहेत. आमच्या कंपनीने त्यांची अख्खी टीम बंद केली, आणि या वयात नवं गाव नको म्हणून ते परत गेले. मंडळाने निरोप समारंभ ठेवला. सत्कारमूर्ती भिंतीला टेकून उभे, त्यांना दोघांनी धरून रंगमंचावर आणावं लागलं. शाल घातली, नारळ दिला, चार शब्द बोला म्हणून आग्रह झाला. पल्याडकरांनी माइक धरला, समोर पाहिलं आणि म्हणाले, "मला इथून काही दिसत नाही." आणि खाली उतरले. त्यांच्या मानाने ते लांब भाषण होतं.

अण्णा सांगलीला आहेत, त्यांच्या स्वतःच्या घरात. रोज फोन करतात. एका वाक्यात दोन-तीनदा थांबतात. सुरुवातीला मला वाटायचं रेंज गेली, आता मी फोन कानाला धरून भाजी चिरते. वाक्य पुरं होतं. कधी चुकीचा शब्द येतो, तो ते स्वतःच बदलतात. परवा त्यांनी दूधवाल्याशी भांडण केल्याचं सविस्तर सांगितलं. ते ऐकताना मी जेवढी खूश झाले तेवढी त्यांच्या कुठल्याही स्वगताने झाले नव्हते.

पण हे सगळं जिथून फिरलं तो रविवार सांगायचा आहे.

बाहेर वारा सुटला होता आणि टीव्हीवर काबुकीच चालू होतं. त्या नाटकांत नटाच्या पाठीशी काळ्या कपड्यांतला एक मदतनीस असतो. तो तलवार देतो, स्टूल सरकवतो, आणि तो दिसत नाही असं सगळ्यांनी मानायचं असतं. त्या दिवशी तो नटाच्या मागे दबकून बसला होता. अण्णा एकदम ताठ झाले. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "बापू."

मला गोष्ट ठाऊक होती. नवऱ्यालाही होती, लग्न झाल्यापासून त्याने ती दर दिवाळीला ऐकली होती. बापू हा अण्णांच्या नाटकातला सामान लावणारा माणूस. नवऱ्याने तोंड उघडलेलं मी पाहिलं, आणि त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्याने त्यात चकली घातली. पल्याडकरांनी टीव्ही बंद केला. भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"बापू," अण्णा पुन्हा म्हणाले. त्यांचे ओठ हलत होते. मी मुठी आवळून बसले होते. "टेबल. टेबल... खाली." पुन्हा थांबले. "पडदा. वर. पडदा... गेला... वर."

पडदा उघडला तेव्हा बापू टेबलाखालीच अडकला होता, आणि अख्खा अंक त्याला तिथेच बसावं लागलं. हे मी सांगते आहे, त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी "बापू आत" एवढंच म्हटलं आणि हाताने लांबलचक अंक दाखवला. मग ते उठले. काठी न घेता, सोफ्याच्या पाठीला धरून. नटासारखी मान वर केली. नाटकातलं ते मोठं, कोसळलेल्या माणसाचं वाक्य त्यांना आठवत होतं. जुनी वाक्यं कधी कधी अशी अख्खी परत येतात, हे पुण्याच्या बाईंनी सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं. "या घरात आता माझं कुणीही उरलं नाही," अण्णा न अडखळता म्हणाले, जुन्या आवाजात. आणि टेबलाकडे बोट केलं. "बापू... बापू... शिंकला."

ते थांबले. आणि पल्याडकरांनी पुकारलं, "सांगलीकर!"

लवकर. साफ लवकर, कुठल्याही सज्जातला म्हातारा वळून बघेल इतकं लवकर. गोष्ट तिथे संपत नव्हती, हे गोष्ट माहीत नसलेल्यालाही कळलं असतं. मी त्या माणसाला कधीही लवकर पुकारताना ऐकलं नव्हतं. पुढे एकदा डन्ड्रमपाशी लुआस थांबली असताना मी त्यांना सरळ विचारलं, तुम्ही ते मुद्दाम केलंत ना? ते म्हणाले, "चुकलो हो. माणूस चुकतो." मग बोगीतल्या लोकांकडे बघत बसले. जन्मभर इतरांच्या चुका शोधणारा माणूस स्वतःची चूक इतक्या सहज कबूल करतो तेव्हा काय समजायचं ते मी समजले. त्यांना कबूल करायला लावणं मात्र मला जमलं नाही.

अण्णांची मान झटक्यात वळली. कपाळावर आठी. हा चेहरा मी लहानपणी तालमीत पाहिला होता, एन्ट्री चुकवणाऱ्या पोरांसाठी राखलेला. त्यांनी पल्याडकरांकडे तळवा उगारला.

"थांबा," ते म्हणाले. "अजून... झालं नाही. माझं."

नवऱ्याच्या तोंडात चकली तशीच होती. अण्णा पुन्हा टेबलाकडे वळले, वाकून त्याखाली बघितल्यासारखं केलं, सरळ झाले, आणि त्या वेळी रंगमंचावर त्यांनी आयत्या वेळी जे जोडलं होतं, ज्यावर सांगलीचं थिएटर म्हणे कितीतरी वेळ हसत होतं, ते वाक्य शोधायला निघाले. ते शोधताना त्यांचे डोळे मिटले होते. "जे..." ते म्हणाले. खिडकीची काच वाऱ्याने वाजली. "जे आहेत..." मला तो शब्द जिभेच्या टोकावर टोचत होता. मी तो गिळला. "जे आहेत... त्यांना... सर्दी झाली."

त्यांनी डोळे उघडले. थोडा दम लागला होता. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, जिथे पल्याडकर उभे होते, आणि वाट बघितली. काहीच आलं नाही. पल्याडकर तोंडाला पंचा लावून उभे होते.

अण्णांनी हात वर केला आणि एक बोट खाली आणलं, तालमीत आणायचे तसं.

"आता," ते म्हणाले.

पल्याडकरांनी पंचा खाली घेतला, तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. अण्णा सोफ्याच्या पाठीला धरून त्यांच्याकडे बघत उभे राहिले. त्यांना काही घाई नव्हती.